नवतपा, मुंग्यांची पावडर आणि बर्फाकडच्या समुद्राची हवा

आमची लॅब हिंगणा रोडवर आहे, छोटीच. बोअरचं पाणी, माती, खाद्यतेल, संत्र्यावरचे फवारणीचे अवशेष असलं सगळं येतं, आणि अधूनमधून लव्हेंडरसारखी सुगंधी तेलंही येतात. त्या तेलात कोणी कारखान्यातलं स्वस्त लिनालूल ढकललंय का ते पकडायला मालकांनी मागे एक महागाचा कायरल कॉलम, म्हणजे आरशातल्या प्रतिमेसारखे जुळे रेणू वेगळे करणारी बारीक नळी, घेतला होता, जो वर्षातले बहुतेक दिवस डब्यातच पडून असतो. त्या कॉलमपायी एका पीएचडीवाल्या पोरीचा फोन आला. पोरगी आपल्या धरमपेठचीच, पण काम करते बाहेरच्या एका संस्थेत, आणि तिचे सॅम्पल होते स्वालबार्डच्या बाजूच्या समुद्रावरचे. नॉर्वेच्याही वर, ७९ अंश उत्तर, जिथे भारताचं हिमाद्री स्टेशन २००८ पासून आहे, तिकडचे. तिच्या इथली मशीन बंद पडली होती, थीसिसची तारीख डोक्यावर आलेली, आणि सुट्टीत घरी यायचंच होतं, तर म्हणे सर, तुमच्याकडे रन करून द्याल का, कॉलमही तुमच्याकडे आहे आणि एनसीआयसुद्धा, म्हणजे क्लोरीनवाल्या रसायनाचा बारीकसा अंशही पकडणारी मशीनची सोय.

मी लगेच हो म्हटलं. मालकांना पटवायला जरा वेळ लागला. "हवेचं सॅम्पल? ते पण समुद्रावरच्या? आणि ते नागपुरात काहून तपासून राहिले?" असं त्यांचं सुरू झालं, पण पोरगी गावची आहे म्हटल्यावर ते विरघळले, स्टुडंट रेट लावा म्हणाले.

आता ती आली तेव्हा नेमका नवतपा सुरू. बाहेर ४६ डिग्री, रस्त्यावर दुपट्टे गुंडाळलेली डोकी सोडून काही दिसत नाही. बाई आइसबॉक्स मांडीवर धरून ऑटोतून उतरली. आत सिल्व्हर फॉइलमध्ये गुंडाळलेल्या बारक्या बारक्या काचेच्या वायल्स. जहाजावर मोठ्या पंपाने शेकडो घनमीटर हवा आधी फिल्टरमधून आणि मग फोमच्या जाड ठोकळ्यातून ओढायची, धूळ फिल्टरवर अडकते आणि जे वाफेच्या रूपात आहे ते फोममध्ये बसतं, मग तो फोम सॉल्व्हंटमध्ये तासनतास उकळून जे निघेल ते गाळून, साफ करून त्या वायलमध्ये. पाण्याचंही तसंच, अनेक लिटर पाणी रेझिनमधून सोडायचं. एवढा सगळा उपद्व्याप करून हाती येतं काय, तर घनमीटरमागे काही पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. आमच्याकडे संत्र्यात आम्ही किलोमागे मिलिग्रॅममध्ये बोलतो, त्यामुळे मला तर ते आकडे ऐकूनच घाम फुटला, तसा तो फुटलेलाच होता म्हणा.

तिला शोधायचं होतं अल्फा-एचसीएच, म्हणजे हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेन. हे नाव नवीन वाटेल, पण बीएचसी पावडर म्हटलं की विदर्भातल्या कुठल्याही शेतकरी घरातल्या म्हाताऱ्याला आठवेल. गॅमॅक्सिन पण म्हणायचे. बेंझिनवर उन्हात क्लोरीन सोडला की हे तयार होतं, फॅरडेने १८२५ मध्येच करून ठेवलं होतं, पण त्याने किडे मरतात हे कळायला १९४० चं दशक उजाडलं. आणि मग जगाने जी पावडर उधळली ती उधळली, एका अंदाजानुसार सगळं मिळून साधारण एक कोटी टन. पहिला नंबर चीनचा, दुसरा आपला. यातली गंमत अशी की ही पावडर म्हणजे एक पदार्थ नाहीच, चार-पाच भावंडांचं मिश्रण आहे. अल्फा ६० ते ७० टक्के, मग गॅमा, बीटा, डेल्टा. किडे मारतो तो फक्त गॅमा, आणि तो १०-१५ टक्के. म्हणजे शेतकऱ्याने पोतं विकत घेतलं, पाठीवर वाहून नेलं, धुरळलं, आणि त्यातलं बहुतेक सगळं कीड मारायच्या कामाचं नव्हतंच. चीनने १९८३ मध्ये बंद केलं, आपल्याकडे १९९७ मध्ये बंदी आली. नुसता गॅमा, म्हणजे लिंडेन, तो पुढे बरीच वर्षं चालला.

मग ते नागपूर-अमरावतीच्या मातीतून बर्फाच्या समुद्रात गेलं कसं? मला आधी वाटायचं नदीने गेलं असेल. तर नाही. तामिळनाडूत वेल्लार नदीच्या खोऱ्यात जपानी आणि भारतीय शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला होता, १९९१ चा पेपर आहे, भातशेतीत टाकलेल्या एचसीएचपैकी ९९ टक्क्यांच्या वर हवेत गेलं आणि समुद्रात वाहून गेलं ते अर्धा टक्कासुद्धा नाही. आपल्या उन्हात ते मातीत टिकतच नाही, उडून जातं. हवेत गेलं की वाऱ्याबरोबर निघतं, रात्री गार पडलं की कुठे गवतावर, कुठे मातीवर, कुठे पाण्यावर उतरतं, ऊन तापलं की परत उठतं, असं उड्या मारत मारत थंडीकडे. फ्रँक वानिया आणि डोनाल्ड मॅके या दोघांनी १९९३ मध्ये हे नीट मांडलं, की उष्ण भागातून उडालेली ही रसायनं ज्याच्या त्याच्या उडण्याच्या ताकदीप्रमाणे वाटेत वेगवेगळ्या ठिकाणी गळत जातात आणि काही थेट ध्रुवापर्यंत पोचतात.

तिथे पोचल्यावर समुद्राचा भाग येतो. थंड पाणी गॅसला धरून ठेवतं, गरम पाणी सोडून देतं, फ्रिजमधला सोडा आणि उन्हात राहिलेला सोडा यात जो फरक तोच. अल्फा-एचसीएचचं २५ डिग्रीला जे हवा-पाण्याचं गणित असतं ते शून्याला आलं की हवेची बाजू साधारण सात-आठ पटीने हलकी होते, म्हणजे तेवढ्याच हवेखाली थंड पाणी सात-आठ पट जास्त माल पोटात घेऊन बसतं. म्हणून अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावर हवा एचसीएचने भरलेली पण पाण्यात कमी, आणि जिथे कोणी चिमूटभर पावडर टाकली नाही त्या अलास्का आणि रशियाच्या मधल्या बेरिंग, चुकची समुद्रात पाण्यात जास्त. इवाता, तानाबे वगैरे जपान्यांनी जहाज घेऊन समुद्रोसमुद्री फिरून हे मोजलं, तेही १९९३ चंच. बीटाची तऱ्हा अजून वेगळी, तो उडायला अल्फापेक्षा आळशी आणि पाण्यात रमणारा, त्यामुळे तो हवेने कमी आणि पॅसिफिकच्या पाण्याबरोबर बेरिंगच्या सामुद्रधुनीतून जास्त गेला, उशिरा पोचला.

हे सगळं ती मला प्रेप रूममध्ये उभ्याउभ्या सांगून राहिली होती, हाताने टेस्ट ट्यूब रॅकमध्ये लावत. तिचे हवेचे एक्स्ट्रॅक्ट अजून पुरते आटवलेले नव्हते, ते नायट्रोजनच्या बारीक धारेखाली आमच्याकडेच करायचं ठरलं. पोरगी हुशार, प्रत्येक एक्स्ट्रॅक्टचा अर्धा भाग तिने वेगळा काढून, सील करून फ्रीझरमध्ये टाकून ठेवला होता, "काही झालं तर". आणि सोबत ब्लँक, म्हणजे मुद्दाम ठेवलेले कोरे नमुने, होते तीन प्रकारचे. एक फील्ड ब्लँक, म्हणजे जो फोम जहाजावर नेला, डब्यातून काढला आणि तसाच परत घातला. एक सॉल्व्हंट ब्लँक, थेट सीलबंद बाटलीतून. आणि एक लॅब ब्लँक, जो आमच्या खोलीत बाकी सॅम्पलबरोबरच आटवायचा. ज्याला या कामाची सवय नाही त्याला वाटतं ब्लँक म्हणजे टाइमपास, पण पिकोग्रॅमच्या कामात ब्लँकच खरा.

प्रेप रूमचा एसी आठवड्याभरापासून बंद होता. मेकॅनिक नवतप्यात कोणाला मिळतो सांगा. तर तिथे खिडकीत कूलर लावला होता, नवी ताटी, पाण्याची टाकी फुल, घरघर चालू. संध्याकाळपर्यंत सॅम्पल आटवून झाले, वायल्स ट्रेला लागल्या, आधी नेहमीच्या कॉलमवर रात्रभर रन लावला आणि आम्ही घरी.

सकाळी मी पोचलो तर ती माझ्या आधी येऊन स्क्रीनसमोर बसलेली, चेहरा पडलेला. सॉल्व्हंट ब्लँक साफ, सरळ रेघ. लॅब ब्लँकमध्ये पीक, म्हणजे आलेखातलं टोक. एक नाही, चार. अल्फा, मग बीटा, गॅमा, डेल्टा, अशी ओळीने उभी, अल्फा सगळ्यात उंच. आणि तिच्या आर्क्टिकच्या सॅम्पलमध्ये अल्फा होता, थोडा गॅमा होता, पण सोबत बीटा आणि डेल्टाची बारीक टेकाडंसुद्धा, जी तिथल्या हवेत तिने कधी पाहिली नव्हती. डेल्टा इतक्या लांब जातच नाही फारसा. म्हणजे साफ होतं, ज्याने ब्लँक खराब केला त्याने सॅम्पलही खराब केले.

तिने गाइडना फोन लावला. स्पीकरवर होता म्हणून ऐकलं, ते शांतपणे म्हणाले, बेटा, आर्क्टिकचे सॅम्पल भारतात उघडताना मी नेहमी घाबरतो, आपली हवाच त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जड आहे, सगळे टाकून दे, फ्रीझरमधल्या अर्ध्यांवर ये, पण आधी सोर्स शोध, नाहीतर तेही जातील.

सोर्स शोधा म्हणजे काय, आमची लॅब आहे, माझी इज्जत आहे. मी पहिल्यांदा स्टँडर्डच्या, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या माहीत मात्रेच्या द्रावणांच्या, फ्रिजकडे गेलो. कीटकनाशकांच्या स्टँडर्ड बाटल्या तिथेच, पण त्या सीलबंद आणि दुसऱ्या मजल्यावर. शिवाय आमची एचसीएचची स्टँडर्ड बाटली चौघांची समान मात्रा असलेली, आणि ब्लँकमध्ये समान नव्हतं, अल्फा बाकीच्यांच्या कितीतरी वर. हे प्रमाण स्टँडर्डचं नाही, पोत्यातल्या पावडरचं. नुसतं लिंडेन असतं तर गॅमा एकटाच दिसला असता. बाहेरची हवा असेल का? असेल थोडी, पण वाफेने आलेल्या हवेत डेल्टा-बीटा इतके ठळक दिसत नाहीत, ते मागे मातीत राहतात. म्हणजे पावडर जवळच कुठेतरी आहे, इथेच, खोलीत. तोवर तीही खुर्चीवरून उठली होती आणि आम्ही दोघं प्रेप रूमचे कपाट-ड्रॉवर उघडून वास घेत फिरत होतो, लॅबमधल्या बाकीच्या पोट्ट्यांना वाटलं उन्हाचा परिणाम झाला.

वास तिलाच आला, कूलरसमोर उभी राहिली तेव्हा. कुबट, जुन्या गोडाऊनसारखा, ओल्या ताटीच्या वासात मिसळलेला. मी बाहेरून जाऊन कूलरच्या मागे बघितलं तर खिडकीच्या चौकटीवर, कूलरच्या पायाखाली आणि भिंतीच्या कडेने करड्या-पांढऱ्या भुकटीची बोटभर रुंद रेघ ओढलेली. आणि रेघेच्या अलीकडे मेलेल्या काळ्या मुंग्या. कूलर मागून हवा ओढतो आणि पुढे फेकतो. म्हणजे आख्खा दिवस त्या रेघेवरून गरम हवा घासत, भुकटीचे कण आणि वाफ दोन्ही घेऊन थेट तिच्या उघड्या ट्यूबवर.

आमचे अटेंडंट काका, गाव काटोलकडचं, रिटायरमेंटला आलेले. त्यांना बोलावलं.

"काका, हे कोणी टाकलं?"

"म्याच टाकलं जी. पाण्यापायी मुंग्या लय झाल्या होत्या कूलरखाली, परवा साखरेच्या डब्यापर्यंत पोचल्या."

"काय आहे ते?"

"बीएचसी हाय ना. गावावरून आणलेली. बाबांच्या टायमाची. आता भेटतच नाही अशी पावडर, आता सब डुप्लिकेट."

मग त्यांनी आपल्या पिशवीतून पुडी काढून दिली. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, आत दाबून भरलेली भुकटी, हाताला मऊ, खडे झालेले फोडून चाळलेली वाटली. ज्या काळात ती बनली त्या काळात दहा टक्क्यांची डस्ट मिळायची, बाकी सगळी माती-चुना. बंदीला पंचवीस वर्षं होऊन गेली आणि पावडर अजून मुंग्या मारून राहिली होती, काकांचा मुद्दा तसा खोटा नव्हता.

पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. रडावं की हसावं. शेवटी हसलीच, आणि काकांना म्हणाली, "काका, तुम्ही माझं पहिलं चॅप्टर करून दाखवलं राव." काकांना काही कळलं नाही, ते चहा सांगायला गेले.

त्या पुडीतला कणभर माल मी दुसऱ्या मजल्यावर, वेगळ्या हातमोज्यांनी, हेक्झेनमध्ये विरघळवून, भरपूर पातळ करून रन केला. ब्लँकशी चारही पीकचं प्रमाण हुबेहूब जुळलं. सोर्स सापडला. कूलर बंद, खिडकी बंद, ओल्या फडक्याने सगळी रेघ टिपून पिशवीत सील. झाडू मारू दिला नाही, झाडूने ती घरभर झाली असती.

आता प्रश्न होता रात्रीच्या त्या सॅम्पलचा. नियमाप्रमाणे कचरा. पण कायरल कॉलम अजून लावलाच नव्हता, आणि तिच्या डोक्यात एक गोष्ट होती. अल्फा-एचसीएचचे रेणू दोन तऱ्हांचे असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा, वजन तेच, उकळबिंदू तोच, नेहमीच्या कॉलमवर एकच पीक देतात. कारखान्यात बनताना दोन्ही अगदी निम्मे-निम्मे बनतात. हवेत, वाऱ्यात, पावसात काही फरक पडत नाही, निम्मे-निम्मेच राहतात, कारण ऊन किंवा पाणी आरशातली बाजू बघत नाही. पण सूक्ष्मजीव बघतात. त्यांच्या एन्झाइमला एक बाजू जास्त पचते. त्यामुळे जो अल्फा वर्षानुवर्षं समुद्राच्या पाण्यात राहिला, तिथल्या सूक्ष्मजीवांनी हळूहळू खाल्ला, त्याचं निम्मं-निम्मं बिघडतं. म्हणजे हवेत अल्फा सापडला तर तो सरळ पावडरीतून आलाय की समुद्रात मुक्काम करून परत बाहेर पडलाय, हे दोन पीकच्या उंचीवरून कळतं. कॅनडाच्या बाजूला रेझोल्यूट बे इथे १९९९ मध्ये हे स्पष्ट दिसलं होतं, बर्फ होता तोवर हवेतला अल्फा जवळपास निम्मा-निम्मा, बर्फ फुटून पाणी उघडं पडलं तसं हवेतलं प्रमाण पाण्यासारखं वाकडं व्हायला लागलं. बर्फ म्हणजे झाकणच ना, झाकण निघालं की पाणी श्वास सोडतं.

तर तिचं म्हणणं असं, की काकांची पावडर पक्की निम्मी-निम्मी असणार. सॅम्पलमधला अल्फा जर सगळा काकांचाच असेल तर तोही निम्मा-निम्मा निघेल. पण वाकडा निघाला, तर त्यात समुद्राचा माल आहे आणि भरपूर आहे.

मी कॉलम बदलला. हा कॉलम सायक्लोडेक्स्ट्रिनचा, साखरेच्या कड्यांचा, फार नाजूक, जास्त तापवला की गेला. बदलायचा म्हणजे मास स्पेक (रेणू ओळखणारं यंत्र) थंड करा, व्हेंट करा, फेरूल बसवा, लीक बघा, परत पंपडाउन, आणि या सगळ्यात दुपारी लाइट जाऊ नये म्हणून देवाला हात जोडा, कारण यूपीएसवर मशीन तासभर चालते पण इन्स्ट्रुमेंट रूमचा एसी चालत नाही. लाइट गेली, पण थोडक्यात आली. कॉलमवर लव्हेंडरचा जुना वास बसला असेल म्हणून आधी तो बराच वेळ तापवत ठेवला. रन पण लांबलचक, अर्धा-अर्धा डिग्री चढवत न्यायचं, म्हणजे दोन जुळे एकमेकांपासून सुटतात. संध्याकाळ झाली तेव्हा पहिला पुडीचा रन निघाला. दोन पीक, शेजारी शेजारी, डोळ्याने फरक कळणार नाही इतकी सारखी. मग लॅब ब्लँक, तोही तसाच. त्यानंतर तिचा पाण्याचा सॅम्पल, जो आधीच तिच्या संस्थेत आटवलेला होता आणि आमच्या कूलरच्या वाऱ्याला लागलाच नव्हता. तिथे एक पीक उंच आणि शेजारचं चांगलंच बुटकं, बघताक्षणी कळेल असं. समुद्राने जुळ्यातला एक जास्त खाल्ला होता.

आणि मग हवेचा, उघड्या पाण्यावरून जुलैत घेतलेला. आम्ही दोघंही उभे. जुलैत तिकडे सरासरी पाच-सहा डिग्री, आमच्याकडे खोलीत एसी असून तीस. पहिलं पीक आलं, उतरलं, दुसरं आलं. बुटकं. पाण्याइतकं बुटकं नाही, पण काकांच्या पावडरीसारखं सारखंही नाही. पावडरीचा हिस्सा डेल्टाच्या पीकवरून मोजून वजा केला तर फरक अजून वाढला, पाण्याच्या प्रमाणाजवळ गेला. बर्फाच्या काठावरचा जो एक सॅम्पल होता, वसंतातला, तो मात्र वजाबाकीनंतरही जवळजवळ सारखा. मी म्हटलं झालं तुझं काम, तर म्हणे नाही सर, हे मी थीसिसमध्ये टाकणार नाही, फ्रीझरमधले अर्धे भाग स्वच्छ खोलीत परत आटवेन आणि तेच टाकेन, पण आता मला माहीत आहे की काय दिसणार आहे. नंतर तिने केलंही, आणि दिशा तीच निघाली.

चहा घेताना मी विचारलं की समुद्र परत का देतो, तुझ्या सोड्याच्या हिशोबाने तर थंड पाण्याने धरून ठेवायला पाहिजे. तिने पेपर कपवर पेनने काढून दाखवलं. पाणी धरून ठेवतं ते हवेतल्या मात्रेच्या हिशोबाने. हवा भरलेली होती तोवर समुद्र पीत गेला. चीनने बंद केलं, मग सोव्हिएत आणि आपण कमी केलं, तशी आर्क्टिकवरची हवा टप्प्याटप्प्याने रिकामी झाली, पण पाणी तेवढ्या लवकर रिकामं होत नाही. लिइसा यंटुनेन आणि टेरी बिडलमन यांनी बेरिंग आणि चुकची समुद्रात मोजलं, १९८८ मध्ये अल्फा हवेतून पाण्यात जात होता आणि १९९३ मध्ये तोच पाण्यातून हवेत. पाच वर्षांत उलटं. वरून बर्फ कमी होऊन राहिला, म्हणजे पाणी जास्त उघडं, जास्त तापलेलं. २०११ मध्ये कॅनडाच्या आणि नॉर्वेच्या स्टेशनांच्या अनेक वर्षांच्या नोंदींवरून दाखवलं गेलं की बर्फ हटल्यामुळे जुनी गाडलेली रसायनं परत हवेत यायला लागली आहेत, एचसीबी, काही पीसीबी वगैरे क्लोरीनवाली टिकाऊ रसायनं. त्यामुळे कोणी म्हटलं की बंदी घातली, संपला विषय, तर मला आता हसू येतं. एन्डोसल्फानचं बघा, आपल्या कापसावर किती मारलं गेलं ते वर्ध्या-यवतमाळच्या माणसाला विचारा, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं, आणि आर्क्टिकच्या समुद्रात ते त्या काळात हवेतून पाण्यात जात होतं असंच मोजलेलं आहे. अल्फाची उलटी गाडी, एन्डोसल्फानची तेव्हा सुलटी, एकाच पाण्यावर.

आणि तिकडे जी माणसं राहतात त्यांचं तर यात काही देणंघेणंच नाही. क्युबेकच्या उत्तरेकडच्या इनुइट बायांच्या दुधात पीसीबी दक्षिणेकडच्या बायांपेक्षा कितीतरी पट जास्त, हे १९८० च्या दशकाच्या शेवटी एरिक देवाइ या संशोधकांना सापडलं, तेही जवळपास योगायोगाने, कारण त्यांना स्वच्छ दुधाचा नमुना पाहिजे होता तुलनेसाठी. सील, व्हेल यांची चरबी खाणारी माणसं, आणि ही रसायनं चरबीत साठतात. अशा टिकाऊ रसायनांना आळा घालणारा स्टॉकहोमचा करार २००१ मध्ये झाला, २००४ मध्ये लागू झाला, त्यामागे या लोकांचा मोठा दबाव होता. अल्फा, बीटा आणि लिंडेन त्या यादीत २००९ मध्ये आले. आणि या कराराचं एक रिजनल सेंटर आपल्या नागपुरातच आहे, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत, हे आमच्या लॅबमधल्या अर्ध्या लोकांना त्या दिवशी कळलं.

काकांना त्यातलं किती समजलं माहीत नाही, पण ते एकदम गंभीर झाले. म्हणाले, गावी अजून आहे. किती? तर अर्धं पोतं. गोठ्याच्या माळ्यावर, बाबांनी ठेवलेलं, भाऊ अजून धान्याच्या कोठीभोवती टाकतो. मी तिथेच त्यांना भावाला फोन लावायला लावला. भाऊ पलीकडून म्हणे, मग जाळून टाकू का? मी ओरडलोच, जाळू नको दादा, उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखं याहून वाईट निघतं. विहिरीजवळ पुरू नको, नाल्यात टाकू नको. जाड प्लास्टिकच्या तीन पिशव्यांत बांध, ड्रममध्ये टाक, झाकण लाव, पोरं-जनावरं जाणार नाहीत अशा जागी सावलीत ठेव. भाऊ म्हणे ठेवतो, पण मग धान्याला काय टाकू? त्यावर पोरीने कडुनिंबाचा पाला आणि हवाबंद कोठी असं काहीतरी सांगितलं, त्याला ते फारसं पटलं नाही असं आवाजावरून वाटलं.

लॅबमधली पुडी आणि पुसलेली फडकी आमच्या घातक कचऱ्याबरोबर बुटीबोरीला गेली, त्याचा कागद असतो, नोंद असते, सोपं आहे. अर्ध्या पोत्याचं तसं नाही. मी एका कार्यालयात विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, शेतकऱ्याकडचा माल आमच्याकडे येत नाही, दुसरीकडे विचारा. दुसरीकडे म्हणाले, बंदी असलेला माल तुमच्याकडे आलाच कसा, लेखी द्या. लेखी दिलं तर काकांचा भाऊ अडकणार. आता तालुक्याच्या कृषी सहायकाशी बोलणं सुरू आहे, तो पोरगा बरा आहे, म्हणतो गावात अजून दोन-तीन घरी असंच पडलेलं निघेल, सगळ्यांचं एकत्र करू म्हणजे कोणा एकाचं नाव येणार नाही. ड्रम गोठ्याच्या मागे शेडमध्ये आहे. प्रेप रूमचा एसी दुरुस्त झाला आणि मालकांनी कूलर काढून घरी नेला.